‘इंग्रजी सुधारा’ असा शेरा आला तर पेपरात नेमकं काय सुधारायचं?

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीतल्या तिसऱ्यांवर (खायच्या शिंपल्यांवर) बारा महिने काम करून पेपर पाठवला होता. ‘मेजर रिव्हिजन’ (मोठ्या दुरुस्त्या हव्यात) होऊन परत आला. एक रिव्ह्यूअर (जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ) म्हणतो, इंग्रजी सुधारा, चर्चा विस्कळीत आहे. दुसरा म्हणतो, निष्कर्षांना पुरेसा आधार नाही. गाईड सांगतात, कुणाकडून तरी भाषा तपासून घे आणि पाठवून दे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

भाषेपासून तर अजिबात करू नका. दोन्ही शेरे वेगळे दिसले तरी दुखणं बहुधा एकच आहे. वाचताना मुद्दा हाती लागला नाही की रिव्ह्यूअर ‘इंग्रजी सुधारा’ लिहून मोकळा होतो; नेमकं काय खटकतंय हे शोधत बसायला त्याला वेळ नसतो. आता पैसे देऊन भाषा तपासून घेतलीत, तर आधार नसलेला निष्कर्ष शुद्ध इंग्रजीत आधाराविना उभा राहील, एवढंच. जांभ्याच्या भिंतीला गिलावा करण्याआधी ओळंबा लावून बघतात, तसाच इथला क्रम आहे: आधी दावे, मग आकडे, मग परिच्छेदांची मांडणी, आणि वाक्यं सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर घासूनपुसून लख्ख केलेले परिच्छेद पुढे कापायची वेळ येते, आणि तेव्हा ते कापवत नाहीत.

पेपर कागदावर छापून घ्या. पडद्यावर हे काम नीट होत नाही. फक्त गोषवारा, चर्चा आणि निष्कर्ष हे तीन भाग घ्या आणि ज्या ज्या वाक्यात काही दावा आहे त्याच्याखाली रेघ मारा. प्रत्येक रेघेसमोर समासात तो दावा कोणत्या तक्त्यात किंवा आकृतीत दिसतो त्याचा क्रमांक लिहा. ज्या वाक्यासमोर क्रमांक लिहिता येत नाही, ते एकतर दुसऱ्या कुणाचं आहे (मग संदर्भ द्या), किंवा तो तुमचा अंदाज आहे (मग तसं म्हणा), किंवा ते काढून टाकायचं आहे. दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या शेऱ्याचं निम्मं उत्तर या एका कामातून मिळतं.

अशा पेपरांत हमखास सापडणारं एक वाक्य घेऊ: ‘क्षारता घटल्यामुळे पावसाळ्यात तिसऱ्यांची घनता कमी झाली.’ यातला ‘मुळे’ तपासा. जून ते सप्टेंबर खाडीत फक्त क्षारता बदलत नाही. पाण्याचं तापमान उतरतं, गढूळपणा वाढतो, काजळी नदी गाळ आणून टाकते, तळाची वाळू हलते. हे सगळं एकाच वेळी घडतं, म्हणून बारा महिन्यांच्या तक्त्यात सगळेच घटक एकमेकांबरोबर वरखाली होताना दिसतात. त्यातला कारण कोणता आणि सोबती कोणता, हे तुमचा तक्ता सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत बाकीचं सारं स्थिर ठेवून क्षारता बदलावी लागेल. तुमच्या हक्काचं वाक्य एवढंच: ‘कमी क्षारतेच्या महिन्यांत घनताही कमी आढळली.’ शिवाय बारा महिने म्हणजे एकच पावसाळा. ‘पावसाळ्यात घनता घटते’ असा नियम सांगायला एक पावसाळा पुरत नाही. त्या वर्षी काय झालं एवढं सांगता येतं. शीर्षकात किंवा गोषवाऱ्यात अभ्यासाचा कालावधी स्पष्ट लिहिलात तर हा आक्षेप निम्म्याने बोथट होतो.

सहसंबंधाच्या तक्त्याचं तसंच. बारा महिन्यांच्या बारा जोड्या असल्या की सहसंबंध गुणांक ०.५७६ च्या वर गेला, की ५ टक्के पातळीवर सॉफ्टवेअर त्यावर तारा (संबंध ‘सिग्निफिकंट’ असल्याची खूण) छापतं. दहा घटक एकमेकांशी ताडून पाहिले तर ४५ जोड्या होतात. त्यांतल्या दोन-तीन जोड्यांवर काहीही संबंध नसताना, नुसत्या योगायोगाने तारा पडणार हे गणितच आहे. आणि चर्चा बघावी तर नेमक्या अशाच ताऱ्याभोवती दोन पानं रचलेली असतात. प्रस्तावनेत जे प्रश्न विचारले होते तेवढेच सहसंबंध मजकुरात ठेवा, बाकीचा अख्खा तक्ता पुरवणीत टाका.

आता आकडे. इथे रेंगाळायला हवं, कारण खाडीतल्या कामात पद्धतीच्या परिच्छेदातून गळणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

पहिली गोष्ट ओहोटीची. घनता ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात क्वाड्रॅट (ठरावीक मापाची चौकट) टाकून मोजलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप खाली जाते, अष्टमीच्या भांगाला जात नाही. सॅम्पलिंगचा दिवस मात्र बऱ्याचदा कॉलेजच्या सुट्टीप्रमाणे ठरतो, तिथीप्रमाणे नाही. काही महिन्यांत उधाणाच्या ओहोटीला आणि काही महिन्यांत भांगाच्या ओहोटीला मोजलं असेल, तर किनाऱ्याचा खालचा पट्टा काही महिन्यांत मोजलाच गेलेला नाही. मग जो फरक तुम्ही ऋतूचा म्हणून मांडताय तो कदाचित तिथीचा असेल. तारखा तुमच्या वहीत असतातच. भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून त्या त्या दिवशीची ओहोटीची उंची काढा आणि पद्धतीच्या भागात एक छोटा तक्ता द्या. फरक मोठा असेल तर फक्त सारख्या पातळीवरचे क्वाड्रॅट घेऊन विश्लेषण पुन्हा करा. खाडीत काम केलेला रिव्ह्यूअर हे विचारल्याशिवाय राहत नाही, आणि आपणहून दिलंत तर त्याचा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट नमुनासंख्येची. तीन स्टेशनं, बारा महिने, दर वेळी तीन क्वाड्रॅट: गुणाकार १०८, आणि अ‍ॅनोव्हा (गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) बिनदिक्कत १०८ वर चालवलेला. पण हातभर अंतरावर टाकलेले तीन क्वाड्रॅट म्हणजे तीन स्वतंत्र पुरावे नव्हेत. ते एकाच जागेचे तीन फोटो आहेत. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स या जर्नलमध्ये हा दोष मांडला, त्यालाही आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. तरी तो रोज भेटतो. उपाय अवघड नाही. तीन क्वाड्रॅटची सरासरी काढून दर स्टेशनला दर महिन्याचा एकच आकडा घ्या, म्हणजे ३६ आकडे राहतील. किंवा स्टेशन, आणि स्टेशन-महिना ही जोडी, हे रँडम इफेक्ट धरून मिक्स्ड मॉडेल (एकाच जागेचे आकडे एकत्र धरणारं विश्लेषण) चालवा. मात्र मुखाशी एक, मधे एक आणि वर एक अशी स्टेशनं असतील, तर ‘मुखाजवळ घनता जास्त असते’ हे संख्याशास्त्राने सिद्ध करता येणार नाही. प्रत्येक भागाला एकच स्टेशन आहे. ते वर्णन म्हणून लिहा. वर्णन लिहिण्यात कमीपणा नाही.

(दापोलीकडचे आंब्यावर काम करणारे विद्यार्थी हाच दोष वेगळ्या रूपात करतात. फवारणी झाडावर झाली असेल तर एकक झाड आहे, फळ नव्हे. एका हापूसच्या झाडावरून वीस फळं आणून साका (गरातला दोष) तपासला म्हणजे वीस रेप्लिकेशन झाली नाहीत. आणि अ‍ॅनोव्हातली एफ-चाचणी सिग्निफिकंट नसेल तर तक्त्यात ‘एनएस’ (नॉट सिग्निफिकंट) लिहून थांबा. तिथे सीडी (क्रिटिकल डिफरन्स) छापून दोन उपचारांची तुलना करायची नसते.)

तिसरी गोष्ट शून्याची. ‘गेलो, मोजलं, काही मिळालं नाही’ हे शून्य, आणि ‘पाण्याला ओढ होती म्हणून गेलो नाही’ हे रिकामं. तक्त्यात दोन्ही एकाच आकड्याने दाखवले की पावसाळ्याची सरासरी खोटी पडते. बंदरावरच्या मासळी उतराईची आकडेवारी वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांतलं शून्य कायद्याचं आहे, समुद्राचं नाही. रिकाम्या जागी रेघ द्या आणि तक्त्याखाली कारण लिहा. आजूबाजूच्या महिन्यांवरून अंदाज काढून ती जागा गुपचूप भरणं ही चूक नाही, लबाडी आहे.

यानंतर आकड्यांची झाडाझडती. तीन क्वाड्रॅटमध्ये शिंपले मोजून सरासरी काढली तर दशांश .००, .३३ किंवा .६७ असेच येऊ शकतात. क्वाड्रॅट ५० बाय ५० सेंटिमीटरचा असेल आणि चौरस मीटरसाठी चारने गुणलं असेल, तरी हेच तीन. तक्त्यात १७.४५ दिसलं की कुठेतरी टंकनाची चूक आहे, किंवा एखादा क्वाड्रॅट गळला आहे आणि ते लिहिलेलं नाही. ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि आश्चर्य वाटावं इतक्या चुका बाहेर काढते.

दशांश किती ठेवायचे याचाही विचार करा. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) एक-एक पीपीटीच्या (हजारात एक भाग) रेघा असतील तर क्षारता २८.३४७ लिहिणं हास्यास्पद आहे. सरासरीला एक दशांश पुष्कळ झाला. अधिक-उणे चिन्हापुढचा आकडा एसडी (स्टँडर्ड डिव्हिएशन, आकड्यांचं विखुरणं) आहे की एसई (स्टँडर्ड एरर, सरासरीतली अनिश्चितता), हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. नऊ निरीक्षणं असतील तर एसई हा एसडीच्या एक तृतीयांश असतो. काही जण आलेख देखणा दिसावा म्हणून एसई देतात आणि सांगत नाहीत. वाचणाऱ्याला वाटतं विखुरणं अगदीच कमी आहे. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.००० छापलं असेल तर तसं उतरवू नका. शक्यता कधी शून्य नसते, ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहा.

नकाशातले अक्षांश-रेखांश स्वतः ऑनलाइन नकाशावर टाकून बघा. भाट्ये साधारण उत्तर अक्षांश १६ अंश ५९ मिनिटांवर आहे. कुणीतरी मिनिटांचं रूपांतर न करता ते सरळ १६.५९ अंश असं लिहितं. खरा दशांश आकडा १६.९८. या एका चुकीने स्टेशन चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकतं. रेखांशातही तेच केलं असेल तर विजयदुर्गासमोरच्या समुद्रात जाऊन पडतं. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर ते थेट नॉर्वेच्या उत्तरेला पोहोचतं. नकाशावर मोजपट्टी आणि उत्तर दिशा हवी. गुगल अर्थचा स्क्रीनशॉट श्रेय न देता डकवू नका.

प्रजातींची नावं वर्म्स या सागरी जीवांच्या नोंदसंग्रहात एकेक करून तपासा. जुन्या भारतीय पेपरांतून नाव उचलणं धोक्याचं असतं. कुर्ल्यांचं उदाहरण घ्या: ‘सायला’ या वंशाची (जीनसची) फेरमांडणी १९९८ मध्ये झाली आणि त्यात चार प्रजाती वेगळ्या केल्या गेल्या. त्याआधीच्या लिखाणात ‘सायला सेराटा’ म्हटलेली कुर्ली आजच्या हिशेबाने दुसरीच असू शकते. तिच्याशी तुमच्या वाढीच्या आकड्यांची तुलना करणारा परिच्छेद मग सगळाच ढासळतो. तिसऱ्यांच्या नावांतही असे बदल झालेले आहेत. कोणत्या ग्रंथावरून ओळख पटवली आणि नमुना कुठे जपून ठेवला आहे, ही दोन वाक्यं पद्धतीत घाला.

आता मांडणी, म्हणजे पहिल्या रिव्ह्यूअरचं ‘विस्कळीत’. कोऱ्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा एका ओळीत मराठीत लिहा. मराठीतच लिहा, इंग्रजीत लिहायला गेलात तर परिच्छेदाचं पहिलं वाक्यच उतरवाल. एका ओळीत मावत नसेल तर परिच्छेदात दोन मुद्दे आहेत, तो तोडा. दोन परिच्छेदांची ओळ एकच येत असेल तर ते जोडा. मग फक्त त्या ओळी वाचा. चर्चेच्या ओळी बहुधा अशा निघतात: ‘तापमान: अमुकने असं म्हटलं. पीएच: तमुकने तसं म्हटलं. क्षारता: अमुक, तमुक आणि अलाण्यानेही तसंच म्हटलं.’ ही चर्चा नाही, घटकांची हजेरी आहे. चर्चेच्या पहिल्याच परिच्छेदात प्रस्तावनेतल्या प्रश्नाचं उत्तर द्या. त्यानंतर ते उत्तर इतर खाड्यांतल्या निष्कर्षांशी कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, आणि जुळत नसेल तर का, हे लिहा. जिथे जुळत नाही तिथे खरी चर्चा असते आणि नेमकी तीच जागा लोक एका वाक्यात उरकतात.

प्रस्तावना कापायला घाबरू नका. ‘भारताला विस्तीर्ण समुद्रकिनारा लाभला आहे’ इथपासून सुरू झालेली प्रस्तावना तिसऱ्या पानावर भाट्याला पोहोचते. तिसऱ्या पानावरून सुरू करा. शेवटच्या परिच्छेदात प्रश्न हवा, स्पष्ट आणि मोजता येईल असा.

गोषवारा सगळं झाल्यावर नव्याने लिहा, जुना दुरुस्त करत बसू नका. प्रश्न, काय केलं, काय मिळालं, त्याचा अर्थ. आणि मिळालेल्याचा निदान एक आकडा एककासह. ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ असं वाक्य गोषवाऱ्यात असेल तर ती जागा फुकट गेली.

इथवर आल्यावर भाषा. आपल्याकडच्या पेपरांतले काही साचे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहेत. ‘इन द प्रेझेंट इन्व्हेस्टिगेशन अ‍ॅन अटेम्प्ट हॅज बीन मेड टू स्टडी’ या अकरा शब्दांच्या जागी ‘वी मेझर्ड’ पुरतं. ‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट’ बहुतेक ठिकाणी नुसतं खोडलं तरी चालतं. ‘रिस्पेक्टिव्हली’ आलं की दोन्ही बाजूंची संख्या मोजा. तीन स्टेशनं आणि चार आकडे असा प्रकार नेहमीचा. शाळेत निबंधाला शब्द बदलत राहायला शिकवलं, ते इथे विसरा. एकाच जागेला एकदा स्टेशन, एकदा साइट आणि एकदा लोकेशन म्हटलंत तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. काय केलं आणि काय मिळालं हे भूतकाळात, आकृती काय दाखवते ते वर्तमानात. पंचवीस-तीस शब्दांपुढे गेलेलं वाक्य तोडून बघा. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांच्या चुका आपल्या होणारच. त्या शेवटी एखाद्या जाणत्याकडून काढून घ्या. त्यासाठी पेपर नाकारला जात नाही.

एआयकडून भाषा सुधारून घ्यायची असेल तर त्या जर्नलचा नियम आधी वाचा आणि वापर उघड करा. परिच्छेद-परिच्छेद द्या आणि परत आलेला मजकूर मूळाशी ताडा. ही साधनं ‘असू शकेल’चं ‘सिद्ध होतं’ करून टाकतात, म्हणजे दावे तपासण्याची तुमची सगळी मेहनत वाया. संदर्भ तर त्यांच्याकडून कधीच घेऊ नका. नसलेले पेपर ती अगदी खऱ्यासारखे लिहून देतात. संदर्भयादीतला प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) क्लिक करून उघडतो का आणि उघडलेला पेपर तोच आहे का, ते बघा. मजकुरातलं वर्ष आणि यादीतलं वर्ष जुळवा. भारतीय नावांत आडनाव आणि आद्याक्षरांची उलटापालट फार होते. झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, पण त्यात चुकीची नोंद शिरली तर तो इमानाने चुकीचीच छापतो.

सिमिलॅरिटीची (सॉफ्टवेअरने मोजलेल्या मजकुराच्या साम्याची) भीती बाळगून शब्द फिरवू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. जर्नलची मोजपट्टी वेगळी असू शकते. मजकूर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या तुमच्याच प्रबंधाशी जुळत असेल तर संपादकाला आवरण-पत्रात तसं सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. सॉफ्टवेअरला चकवायला समानार्थी शब्द टाकले की ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ होतं. अशा वाक्प्रयोगांवरून पेपर हुडकून मागे घेतले गेले आहेत.

उरलं रिव्ह्यूअरना उत्तर. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, त्याखाली उत्तर, त्याखाली बदललेलं वाक्य आणि ओळ क्रमांक. ‘सुधारणा केली आहे’ एवढंच लिहिलंत तर त्याला पुन्हा सगळा पेपर वाचावा लागतो, आणि वैतागलेला माणूस नव्या चुका शोधतो. शेरा पटत नसेल तर तसं लिहा, कारणासह. ‘आणखी दोन वर्षांचं सॅम्पलिंग हवं’ अशी मागणी आली तर ते आता शक्य नाही हे मान्य करा, दावा एका वर्षापुरता आखडता घ्या आणि चर्चेत मर्यादा म्हणून नोंदवा. समंजस संपादकाला तेवढं पुरतं. रिव्ह्यूअरने स्वतःचेच चार पेपर संदर्भात घालायला सांगितले, तर जो खरंच लागू आहे तो घाला, बाकीच्यांबद्दल नम्रपणे नाही म्हणा. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी मेल करा. वाढवून मिळते, संपल्यावर मागितली तर पेपर नवीन म्हणून पाठवावा लागू शकतो.

आकृत्या छापील आकाराच्या हिशेबाने बनवा. एका स्तंभाची रुंदी साधारण ८५ मिलिमीटर असते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे हजारेक पिक्सेल. रेघांच्या आलेखाला बरीच जर्नल्स याहून जास्त मागतात. वर्डमध्ये ओढून मोठा केलेला फोटो मोठा होतो, स्पष्ट होत नाही. लाल आणि हिरव्या रेषा शेजारी ठेवू नका, रंगांधळ्या वाचकाला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत.

पाठवताना प्रणाली सगळ्या फाइल्स जोडून एक पीडीएफ बनवते आणि ‘अप्रूव्ह’ विचारते. ती पीडीएफ उघडून शेवटपर्यंत बघा. तक्त्यांच्या उजवीकडच्या रकान्यांची कापाकापी इथेच होते, आणि सिम्बॉल फाँट हरवला तर ‘मायक्रो’च्या चिन्हाचं साधं ‘एम’ होतं: तुमची ५०० मायक्रोमीटरची चाळण ५०० मिलिमीटरची होऊन रिव्ह्यूअरपुढे जाते.